दोष आढळला नाही, चहा घेतला

मी बत्तीस वर्षं तिरोड्याच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आहे. तेव्हा यंत्र बिघडलं म्हणून कुणाच्या दारात जायची वेळ माझ्यावर येणार नाही, हे मी गाडी घेतली त्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं. सगळ्यांना म्हणजे शोरूमच्या मॅनेजरला, गाडीला हार घालणाऱ्या पोरीला, आणि गावात शिरल्यावर जे जे रस्त्यात भेटले त्यांना. यंत्र खोटं बोलत नाही! त्याला पद्धतशीर प्रश्न विचारले की बिघाड सापडतोच!

सापडला. कसा, ते सांगतो.

निवृत्त झाल्यावर मी गावी येऊन राहिलो. आमचं गाव कामठ्याच्या पलीकडे. दोनशे घरं आणि चारही बाजूंनी धान. दसऱ्याला मी पांढरी गाडी घेतली आणि गोंदियाच्या प्रफुलकडून तिला सिक्युरिटी सिस्टीम बसवून घेतली. कुणी हात लावला की गाडी ओरडते, अशी ती व्यवस्था. माझी बायको चमेली म्हणाली, "आपल्या गावात सायकल चोरीले जात नाही, तं गाडी कोन नेते?"

मी तिला सांगितलं की चोरी हा संभाव्यतेचा प्रश्न आहे. ती "हाव" म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. प्रफुलनं दोन रिमोट दिले होते. एक मी खिशात टाकला. दुसरा चमेलीकडे सांभाळायला दिला, त्यावरची दोन बटनं तिला समजावून सांगितली, आणि विषय संपवला.

आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, केशोराव मेंढे राहतो. आम्ही दोघं पहिलीपासून एका पाटीवर शिकलो. माझा दिवस त्याच्याच सपरीत जातो, म्हणजे घरापुढच्या कौलारू ओसरीत. सकाळी पेपर, दुपारी देश, संध्याकाळी हवामान. तिथून माझी गाडी समोर दिसते. गाडी दिसते म्हणूनच मी तिथे बसतो, असं मी चमेलीला सांगितलं होतं.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी दुपारी आम्ही देश चालवत बसलो होतो, आणि गाडी ओरडायला लागली. ओरडायला म्हणजे काय! आधी रुग्णवाहिका, मग पोलीस, मग कुणीतरी बदकाचा गळा धरल्यासारखं! मी चप्पल न घालताच धावलो. केशोराव काठी घेऊन मागे. गावातली पंधरावीस माणसं काठ्या, फावडी घेऊन आली. गाडीजवळ चिटपाखरू नव्हतं. मी रिमोटनं आवाज बंद केला, चारही बाजूंनी पाहणी केली, खाली वाकून पाहिलं. काही नाही.

चमेली दारात उभी होती. म्हणाली, "आलेच आहा तं जेवून घ्या. गरम आहे."

मी जेवलो. पण डोकं कामाला लागलं होतं. मी शंभर पानी वही घेतली, पट्टीनं रकाने आखले आणि नोंदी सुरू केल्या. शास्त्रात नोंदींना फार महत्त्व असतं. त्यातल्या काही तुमच्या माहितीसाठी देतो.

'सोमवार, १२.२०. कावळा बसला असावा. कावळा दिसला नाही. दोष आढळला नाही. जेवण केलं.'

'मंगळवार, ८.४०. ट्रॅक्टरच्या हादऱ्यानं. ट्रॅक्टर तासाभरापूर्वीच गेला होता असं कळलं. दोष आढळला नाही. आंघोळ केली.'

'मंगळवार, ४.०५. उष्णता? दोष आढळला नाही. चहा घेतला.'

'बुधवार, ११.००. कारण अज्ञात. दोष आढळला नाही. दळण आणून दिलं.'

'गुरुवार, ५.३०. घरीच होतो. लगेच बाहेर धावलो. दोष आढळला नाही. बाहेर आलोच होतो म्हणून केशोरावकडे गेलो.'

अशी बारा पानं भरली. मी हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. हादरा ओळखणारा सेन्सर मी स्वतः कमी केला. इतका कमी, की लाथ मारली तरी गाडी ओरडू नये. मग लाथ मारून पाहिली. ओरडली नाही. मी समाधानानं लंगडत केशोरावकडे गेलो, खाटेवर टेकलो, आणि गाडी ओरडली!

चाकांखाली जुन्या टायरचे तुकडे घातले. ओरडली. धानावर टाकायची निळी ताडपत्री आणून गाडी झाकली. ताडपत्रीच्या आतून ओरडली! माकडं येऊ नयेत म्हणून भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. त्या दिवशी ओरडली तेव्हा मी काट्यांतून आत गेलो, आणि चमेलीनं सुई घेऊन माझे पाय तपासले. "बसलेच आहा तं चहा घ्या," म्हणाली.

गावानं पहिले तीन दिवस काठ्या आणल्या. चौथ्या दिवशी नुसती माणसं आली. पाचव्या दिवशी कुणीच आलं नाही. आठव्या दिवशी मी शेजारच्या जमुनाबाईला सुनेला सांगताना ऐकलं, "गुरुजीची गाडी वरडली, भात काढ."

मला याचा अपमान वाटला. एका शास्त्रीय समस्येचं गावानं घड्याळ करून ठेवलं होतं!

शेवटी मी नोंदींचं विश्लेषण केलं. एकूण तेवीस घटना. त्यातल्या एकवीस वेळा मी कुठे होतो? केशोरावच्या सपरीत! मी वही मिटली. कारण गाडीत नव्हतं. कारण सपरीत होतं!

मी मान वर करून पाहिलं, आणि भिंतीवर ते होतं. झटका मशीन. केशोरावचं धान घरामागेच आहे. रानडुकरं येऊ नयेत म्हणून त्यानं भोवती तार लावली होती आणि त्या तारेत हलका झटका सोडणारी पेटी सपरीच्या भिंतीवर टांगली होती. सौर बॅटरीवर चालायची. टक... टक... टक... सेकंदाला एक ठोका. विद्युतचुंबकीय लहरी! डोळ्यांसमोर, नव्हे, डोक्यावर!

"केशोराव," मी म्हणालो, "तुझं मशीन माझ्या गाडीला सिग्नल देतं."

"कोनता सिग्नल?"

"लहरी. दोन दिवस बंद ठेव. सिद्ध करून दाखवतो."

"अरे, धान पिकून राहिलं. डुकरं टपून बसले आहेत!"

"दोनच दिवस. शास्त्राचा प्रश्न आहे."

केशोरावनं माझ्याकडे पाहिलं. मग पेटीकडे पाहिलं. "तू म्हनते तं करतो," म्हणाला, आणि बटन खाली केलं.

त्या दोन दिवसांत गाडी तीन वेळा ओरडली. आणि तिसऱ्या सकाळी केशोराव मला हाताला धरून घरामागे घेऊन गेला. डुकरांनी दोन बांध्या सपाट केल्या होत्या. बांधी म्हणजे बांधांनी अडवलेला धानाचा तुकडा. त्यात कमरेएवढं उभं पीक असतं. आता तिथे कुणी गादी अंथरून लोळावं तसं सगळं आडवं होतं. केशोराव एक लोंबी उचलून तिच्यावरचा चिखल पुसत होता.

त्याच वेळी मी चुकलो म्हणायला हवं होतं. पण बत्तीस वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडात ते शब्द पटकन येत नाहीत. मी म्हणालो, "मशीन बंद केलं तरी तारेत अवशेष राहतो."

"कायचा अवशेष?"

"विजेचा."

"दोन दिवस?"

"राहू शकतो."

हे खोटं होतं. नववीच्या पोरालाही कळलं असतं. केशोरावनं लोंबी खाली ठेवली आणि म्हणाला, "गुरुजी, घरी जा आता."

पन्नास वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा गुरुजी म्हटलं. एरवी मी हुकुम्या असतो.

घरी मी चमेलीला एवढंच सांगितलं की केशोरावशी तात्त्विक मतभेद झाला आहे. त्यानंतर आठ दिवस मी घरीच होतो. वेळ वाया जाऊ नये म्हणून चमेलीला मदत करत होतो. म्हणजे कुकरच्या शिट्ट्या मोजणं, मसाल्याचे डबे वर्णानुक्रमे लावणं, पोळी भाजताना उष्णता कुठे वाया जाते ते दाखवून देणं. आणि याच आठ दिवसांत गाडी दिवसातून पाच-पाच वेळा ओरडायला लागली! प्रत्येक वेळी मी बाहेर जाऊन अर्धा-अर्धा तास तपासणी करत होतो. मशीन बंद होतं तेव्हा दोन दिवसांत तीन वेळा. मशीन सुरू झाल्यावर दिवसाला पाच वेळा! आणखी काय पुरावा हवा?

मी हे वहीत लाल शाईनं लिहिलं.

तिकडे केशोरावनं तंटामुक्ती समितीकडे अर्ज दिला. गावातली भांडणं गावातच मिटवणारी ही समिती. तिचा अध्यक्ष मी आहे.

पोलीस पाटील दुधराम अर्ज घेऊन माझ्याकडे आले. कपाळ खाजवत म्हणाले, "अध्यक्षावरच तक्रार आली. आता कोनापुढं चालवावं जी?"

"माझ्यापुढेच," मी म्हणालो. "मी निष्पक्ष आहे."

दुधराम बराच वेळ कपाळ खाजवत राहिले. शेवटी ठरलं, की बैठक केशोरावच्याच सपरीत घ्यायची, कारण वादातलं मशीन तिथेच आहे. आणि बैठकीआधी गाडीचा आवाज बंद करायचा. मागची बैठक गाडीनं तीन वेळा बुडवली होती.

म्हणून मी गोंदियाहून प्रफुलला बोलावलं. मला दुरुस्ती जमत नाही म्हणून नव्हे. तटस्थ तज्ज्ञ म्हणून. त्यानं दोन तास वायर न् वायर तपासली. मग हात पुसत म्हणाला, "सर, गाडी में कुछ नहीं है. जो है वो गाडी के बाहर है."

"शाब्बास!" मी म्हणालो. "हेच वाक्य बैठकीत बोलायचं."

त्यानं तेवढ्यापुरती भोंग्याची वायर काढून ठेवली आणि आम्ही सपरीत गेलो. सहा सदस्य, दुधराम, केशोराव. आतल्या दारात केशोरावची बायको रुख्मा. आठ दिवसांनी मी त्या सपरीत पाय ठेवत होतो. माझी खाट आत नेऊन ठेवली होती. मला प्लास्टिकची खुर्ची दिली.

दुधराम म्हणाले, "केशोभाऊ, तुमाले का पायजे?"

केशोराव उभा राहिला. "मले नुकसान भरपाई नोको. धान येते, जाते. यानं माह्या दारात बसून फक्त येवढं म्हनावं, का मशीनचा दोष नव्हता. माह्या बापाच्या काळापासून आमी शेजारी आहोत. मी याच्या एका शब्दावर मशीन बंद केली. यानं माह्यासाठी एक शब्द बोलू नये?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी घसा साफ केला आणि वहीतला तक्ता उघडला.

मी चाळीस मिनिटं बोललो. लहरी म्हणजे काय, त्या सरळ रेषेत कशा जातात, पहिल्या तेवीस घटनांचं वर्गीकरण. साडेबारा वाजून गेले होते. एक सदस्य भिंतीला टेकून झोपला. आणि मी लाल शाईच्या पानावर आलो, तेवढ्यात प्रफुल ओरडला, "सर! गाडी!"

रस्त्यापलीकडे, आंब्याच्या सावलीत, माझी गाडी चारही दिवे मिचकावत होती. भोंगा काढलेला, त्यामुळे आवाज नाही. नुसतं मुकाट्यानं उघडझाप, उघडझाप!

"बघा!" मी खुर्चीवरून उठलोच. "बघा! मशीन चालू, गाडी चालू! याहून काय दाखवू?"

केशोराव एका ढांगेत भिंतीजवळ गेला आणि मशीन बंद केलं. टकटक थांबली. गाडीचे दिवेही थांबले!

माझा ऊर भरून आला. मी सदस्यांकडे वळलो, तोंड उघडलं, आणि गाडी पुन्हा मिचकावू लागली.

"अवशेष..." मी म्हणालो.

पण माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. सगळे माझ्या घराच्या दाराकडे पाहत होते. मीही पाहिलं.

दारात चमेली उभी होती. पदर खोचलेला, डावा हात मनगटापर्यंत कणकेनं भरलेला. उजव्या हातात रिमोट. तिनं तो गाडीवर नेम धरून दाबला. कान देऊन ऐकलं. रिमोट झटकला. चौकटीवर दोनदा आपटला. पुन्हा दाबला. गाडी बिचारी मिचकावत होती. मग चमेलीला सपरीतला प्रफुल दिसला आणि तिचा चेहरा खुलला.

"अवो प्रफुलभाऊ! बरं झालं तुमी अजून आहात! याचे सेल गेले वाटते. घंटी वाजूनच नाही राहिली!"

सपरीत इतकी शांतता पसरली, की झोपलेला सदस्य जागा झाला.

चमेली रस्ता ओलांडून आली. दुधरामांनी शक्य तितक्या हळुवारपणे विचारलं, "वहिनी, घंटी कायले वाजवता?"

"ह्यायले जेवाले बलावाले!"

"रोज?"

"जेवाले, आंघोरीले, दळनाले. दसऱ्यापासून." ती माझ्याकडे वळली. "फोन घरीच टाकून येता. हाक मारली तं इथून 'आलोच' म्हनता, अन् तीन वाजता येता. हे बटन दाबलं तं अर्ध्या मिनिटात पयत येता! चपलासुदा घालत नाही!"

"पण मी तुला दोनच बटनं शिकवली होती!" मी म्हणालो. त्या क्षणी मला तेवढंच सुचलं.

"तिसऱ्यावर घंटीचं चित्र आहे ना जी. घंटी कायले राहते?"

प्रफुलनं मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते.

"गुरुवारी मी घरीच होतो!" मी वही उघडली. "साडेपाच! ही नोंद!"

"त्या दिशी बायांची भिशी होती. तुमाले बाहेर काढाचं होतं."

"आणि मागचे आठ दिवस? दिवसातून पाच वेळा?"

चमेलीनं सगळ्या सदस्यांवरून नजर फिरवली. "जाऊ द्या ना जी," म्हणाली. "चारचौघांत कायले विचारता?"

"अगं, पण मी तीन आठवडे बिघाड शोधत होतो! सांगितलं का नाहीस?"

"तुमी मले विचारलं कवा? कावऱ्याले विचारलं, ट्रॅक्टरले विचारलं, केशोभाऊच्या मशीनले विचारलं. मले वाटलं, तुमचा खेळ चालू आहे."

मग तिची नजर भिंतीवरच्या पेटीकडे गेली. तिथून केशोरावकडे. तिचा आवाज खाली आला. "केशोभाऊ... मशीन याच्यासाठी बंद ठेवली होती? दोन बांध्या याच्यापायी गेल्या?"

केशोरावनं मान डोलावली. चमेलीनं रिमोट पदराला पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे बत्तीस वर्षांचं भौतिकशास्त्र काही कामाचं नव्हतं.

मी उठलो. "केशोराव," मी म्हणालो, "मशीनचा दोष नव्हता. अवशेष वगैरे काही नसतो. मला त्याच दिवशी माहीत होतं. मी चुकलो."

केशोरावनं समितीचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "लिव, हुकुम्या. अध्यक्ष तूच आहेस ना?"

मी लिहिलं : 'झटका मशीनमध्ये दोष आढळला नाही.'

"पुरं लिव. कोठं आढळला?"

मी लिहिलं : 'दोष अध्यक्षांमध्ये आढळला.' खाली अध्यक्षाची सही लागते. तीही मीच केली.

आडवं पडलेलं धान मशीननं कापता येत नाही, विळ्यानंच कापावं लागतं. ते कोण कापणार, हे कुणी विचारायच्या आत चमेलीनं सांगून टाकलं, "भाऊ, हे उद्यापासून सहा वाजता येतील." मग मला म्हणाली, "चला, जेवून घ्या."

आम्ही निघणार, तोच आतल्या दारातून रुख्मावहिनी बाहेर आल्या. त्यांनी चमेलीच्या हातातल्या रिमोटकडे बोट दाखवून प्रफुलला विचारलं, "का जी भाऊ, हे बैलगाडीले बसते का?"

केशोराव त्या वेळी हसत होता. तो थांबला.

प्रफुलनं अंगणातल्या बैलगाडीकडे धंद्याच्या नजरेनं पाहिलं. "बैठ तो जाएगा चाची. लेकिन बैटरी लगेगी."

"झटक्याच्या मशीनची आहे ना, तेच लावा."

"अवं, अन् डुकरं?" केशोराव ओरडला.

"डुकरं वर्सातून एकडाव येतात," रुख्मावहिनी म्हणाल्या. "तुमी रोज बाहेर राहता."

विषय समितीपुढे आलाच होता म्हणून दुधरामांनी तो मताला टाकला. बैलगाडीला भोंगा बसवू नये, असं एकमतानं ठरलं. हजर सदस्य सगळे पुरुष होते.

दुसऱ्या दिवसापासून मी विळा घेऊन धानात उतरलो. चार दिवस केशोराव एका ओळीत, मी दुसऱ्या ओळीत. पहिल्या दिवशी तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी पाठ धरली तेव्हा त्यानं पाण्याचा गडवा पुढे केला आणि म्हणाला, "हुकुम्या, विळा उलटा धरून राहिला तू." चौथ्या दिवशी आम्ही बांधावर बसून पुन्हा देश चालवायला लागलो.

रुख्मावहिनींनी पुढच्या बैठकीत बैलगाडीचा विषय परत घ्यावा, असा लेखी अर्ज दिला आहे. त्याखाली गावातल्या एकेचाळीस बायांच्या सह्या आहेत. पहिली सही चमेलीची. बैठकीची सूचना काढणं हे अध्यक्ष म्हणून माझं काम आहे.

मी अजून काढलेली नाही. तब्येत बरी नाही, असं दुधरामांना कळवलं आहे.